भुईच्या पोटात

१९९३ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. मी तेव्हा पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला, आणि पुढच्या काही दिवसांत आम्हा विद्यार्थी 'ब्रदरां'ची एक तुकडी किल्लारीच्या परिसरात मदतकार्यासाठी गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, दमून भागून माणसे घरी परतली, निजली, आणि त्यांतली सुमारे दहा हजार माणसे पुन्हा उठली नाहीत. मराठवाड्यातली ती घरे जाड दगडी भिंतींची, मातीच्या गिलाव्यात बांधलेली, वर मातीचे जड माळवद असलेली. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले.

एका गावात आम्ही पत्रे आणि घोंगड्या वाटत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. एक वृद्ध बाई आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर बसून होती. तिची सून आणि दोन नातवंडे त्या ढिगाऱ्याखाली गेली होती. मी घोंगडी पुढे केली. तिने ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि मला विचारले, "काय हाय रं बाबा ह्या भुईच्या पोटात?"

मी तेवीस वर्षांचा होतो. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातले एक चित्र आठवून मी म्हणालो, "आत तप्त रस आहे, मावशी. लाव्हा. तो खदखदतो."

तिने हाताखालचा काळा दगड चाचपला. "दगूड तर गार हायेत," ती म्हणाली, आणि मान फिरवून बसली.

वाचकहो, त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते. हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. पृथ्वीच्या अंतरंगाचा शोध कसा लागला याविषयी जे मिळेल ते मी वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या बाईला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

पृथ्वीच्या पोटात आग आहे, ही कल्पना फार जुनी. ती पुस्तकांत रुजवण्यात एका येशूसंघीय धर्मगुरूचाच वाटा मोठा आहे. आथानासियुस किर्खर हे त्यांचे नाव. १६३८ च्या मार्च महिन्यात दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतात मोठा भूकंप झाला, तेव्हा ते त्याच भागात प्रवास करीत होते. डोळ्यांदेखत गावे नाहीशी झालेली पाहून त्यांच्यातला जिज्ञासू स्वस्थ बसेना. नेपल्सला पोचताच ते वेसुव्हियस पर्वतावर चढले आणि धुमसत्या ज्वालामुखीच्या विवरात उतरून पाहून आले. पुढे १६६५ मध्ये त्यांनी भूगर्भावर एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या चित्रात पृथ्वीच्या मध्यभागी आगीचा एक महाकुंड आहे आणि त्यातून लहानमोठ्या अग्निवाहिन्या सर्वत्र पसरलेल्या आहेत, शरीरातल्या रक्तवाहिन्यांसारख्या. चित्र इतके देखणे की साडेतीनशे वर्षे ते लोकांच्या मनातून गेले नाही. मी ढिगाऱ्यावरच्या त्या माउलीला जे सांगितले ते वस्तुतः किर्खर यांचेच चित्र होते. (धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले आजही मला विचारतात, "फादर, नरक जमिनीखाली किती किलोमीटरवर आहे?" प्रेषितांच्या विश्वासांगीकारातला 'अधोलोक' हा भूगोलाचा शब्द नव्हे, हे समजावताना माझी दमछाक होते.)

किर्खर यांचे धैर्य मोठे, परंतु डोळ्यांनी दिसते तेवढ्यावर त्यांनी न दिसणाऱ्याचे चित्र काढले. त्यांच्याच काळातला दुसरा एक कॅथलिक विद्वान याच्या उलट स्वभावाचा होता. निकोलस स्टेनो हा मूळचा डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ. १६६७ मध्ये तो कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू आणि बिशप झाला, आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. १६६९ साली फ्लॉरेन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात एक साधा नियम आहे : खडकांचे थर एकावर एक साचतात, म्हणून खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. केवढी साधी गोष्ट! पण पृथ्वीला इतिहास आहे आणि तो थराथरांनी वाचता येतो, हे त्या वाक्यामुळे जगाला कळले. स्टेनोने आपली दृष्टी टेकड्यांच्या आणि दरडींच्या पलीकडे नेली नाही. खोलवरचे वाचायला लागणारी लिपी त्याच्या हाती आलेली नव्हती.

ती लिपी म्हणजे भूकंप. ती पहिल्यांदा उमटली ती एका भयंकर दिवशी, लिस्बन शहरात.

१७५५ सालचा १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ. ख्रिस्तमंदिरे भाविकांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. धक्का बसला, छते कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि थोड्याच वेळात तेजो नदीच्या मुखातून समुद्र शहरात घुसला. हजारो माणसे मेली. राजवाड्यातल्या सत्तर हजार ग्रंथांच्या संग्रहाची राख झाली. पूर्वेकडील सागरी प्रवासांची जी दप्तरे लिस्बनच्या त्या कचेऱ्यांत होती, तीही गेली. वसई आणि गोवा यांच्या जुन्या इतिहासाची काही पाने त्या आगीत असणार, हे अभ्यासकांना ठाऊक आहे.

सणाच्याच दिवशी, मिस्साच्या वेळीच असे का व्हावे? गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंनी उत्तर दिले : ही पापाची शिक्षा आहे. त्यांनी तशी पुस्तिकाच छापली. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेलेला मंत्री शहर उभारण्याच्या घाईत होता. त्याला हे प्रवचन रुचले नाही. १७६१ मध्ये मालाग्रिदांना देहदंड झाला. तो घोर अन्यायच होता आणि त्यामागे राजकारणही पुष्कळ होते. पण त्याच मंत्र्याने १७५६ साली एक आगळे काम केले. त्याने देशभरातील धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? किती धक्के बसले? धर्मग्रामातली किती माणसे दगावली? जमिनीला भेगा पडल्या का? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? खेड्यापाड्यांतल्या धर्मगुरूंनी विचारपूस करून आपापल्या अक्षरात उत्तरे लिहून धाडली. त्यांतली बरीच लिस्बनच्या दप्तरखान्यात आजही आहेत.

धर्मगुरू म्हणून मला मालाग्रिदांच्या प्रवचनापेक्षा ही अनामिक उत्तरे अधिक जवळची वाटतात. 'का?' या प्रश्नाला त्या बिचाऱ्यांकडेही उत्तर नव्हते. पण 'किती वाजता?' याचे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले. मयतांची नोंद ठेवणाऱ्या हातांनीच धरणीच्या हालचालीची नोंद ठेवली.

लिस्बनच्या हकिकती इंग्लंडमध्ये वाचणाऱ्यांत जॉन मिशेल नावाचे केंब्रिजचे एक अभ्यासक होते, जे पुढे यॉर्कशरमधील एका गावी अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले. ठिकठिकाणी धक्का किती वाजता पोचला यावरून त्यांनी १७६० मध्ये सांगितले की भूकंप म्हणजे जमिनीतून पसरणारी लाट होय. लिस्बनच्या लाटेचा वेग त्यांनी मिनिटाला वीस मैलांहून अधिक काढला. तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता, पण लाट ही कल्पना अचूक होती. या मिशेल यांनीच पृथ्वीचे वजन करण्यासाठी एक तराजूही तयार केला होता : तारेला टांगलेला दांडा, त्याच्या टोकांना छोटे गोळे आणि जवळ शिशाचे मोठे गोळे. तो वापरण्याआधीच १७९३ मध्ये ते वारले आणि उपकरण हेन्री कॅव्हेंडिश यांच्याकडे आले. कॅव्हेंडिश हा विलक्षण एकलकोंडा गृहस्थ. स्वतःच्या श्वासानेही हवा हलू नये म्हणून तो बंद खोलीच्या बाहेर उभा राहून भिंतीतल्या छिद्रातून दुर्बिणीने दांड्याकडे पाहत असे. १७९८ मध्ये त्याने निष्कर्ष जाहीर केला : पृथ्वी पाण्याच्या जवळपास साडेपाच पट जड आहे. आजचा आकडा ५.५१ आहे.

आता इथेच खरा पेच निर्माण झाला. आपण हातात घेतो तो दगड पाण्याच्या पावणेतीन पट, आपला काळा पाषाण फार तर तिप्पट जड. मग सारी पृथ्वी साडेपाच पट कशी? याचा अर्थ उघड होता : खोलवर कुठेतरी दगडापेक्षा पुष्कळ जड असे काही आहे. किर्खर यांच्या चित्रातला अग्निकुंड आणि त्यातल्या पोकळ वाहिन्या या हिशेबात बसेनात. १८९० च्या दशकात जर्मनीतील एमिल वीखर्ट याने अंदाज मांडला की मध्ये लोखंडाचा गाभा असावा. आकाशातून पडणाऱ्या अशनींत काही दगडी असतात आणि काही निखळ लोखंड व निकेलचे, ही गोष्ट त्याच्या बाजूची होती. पण अंदाज तो अंदाजच. गाभा कुणी पाहणार कसा?

१८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅम येथे एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ हा क्षयाने ग्रासलेला तरुण खगोलशास्त्रज्ञ एका नाजूक लंबकाने जमिनीचे अतिसूक्ष्म कलणे मोजत होता. एके दिवशी त्याच्या रेषेत अकारण थरथर दिसली. काही काळाने जपानमधल्या भूकंपाची बातमी त्याच्या वाचनात आली. वेळ ताडून पाहता त्याच्या लक्षात आले की ती थरथर टोकियोहून आली होती. जपानमधल्या धक्क्याची वर्दी पॉट्सडॅमच्या तळघरात पोचली होती! हा माणूस चौतिसाव्या वर्षी वारला. त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

यापुढचा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला.

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हा डब्लिनला जन्मलेला भूशास्त्रज्ञ. त्याचे वडील टॉमस ओल्डहॅम यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची घडी बसवली होती आणि मुलगाही १८७९ मध्ये त्याच खात्यात लागला. १२ जून १८९७, शनिवार. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास शिलाँगचे पठार हादरले. हिंदुस्थानात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक. शिलाँगमध्ये दगडी इमारत म्हणून उभी राहिली नाही. सुमारे चार लाख चौरस किलोमीटर प्रदेशातली पक्की बांधकामे ढासळली किंवा तडकली. मृतांचा आकडा सुमारे दीड हजार. एवढ्या मोठ्या उत्पातात तो इतका कमी राहिला, कारण दिवस मावळायचा होता आणि माणसे घराबाहेर होती. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. किल्लारीचा धक्का याच्या कितीतरी पटींनी लहान होता, फक्त तो पहाटे चारला बसला.

ओल्डहॅमने तो मुलूख पिंजून काढला. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून, रहिवाशांकडून लेखी हकिकती मागवल्या. लिस्बनच्या धर्मगुरूंना विचारले होते तसेच प्रश्न. मोठमोठे धोंडे आपल्या खळग्याच्या कडांनाही न घासता वर उडून बाजूला पडलेले त्याने नोंदले. म्हणजे धरणीचा तो हिसका क्षणभर गुरुत्वाकर्षणापेक्षाही जोरदार होता. १८९९ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. या उत्पातानंतरच्या काही वर्षांत अलिपूर, मुंबईतील कुलाबा आणि कोडाइकॅनल येथे भूकंपाची नोंद घेणारी यंत्रे बसली.

पण ओल्डहॅमचे मोठेपण पुढेच आहे. शिलाँगचा धक्का इटलीतल्या वेधशाळांतही उमटला होता. त्या कागदी पट्ट्या मागवून त्याने शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्याला प्रत्येकीवर एकाच भूकंपाच्या तीन निरनिराळ्या थरथरी दिसल्या. पहिली झपाट्याने येणारी. रेल्वेच्या यार्डात इंजिनाने डब्यांना ढोस दिली की ती डब्यामागून डबा करीत शेवटापर्यंत पोचते, तशी ती दाबाची लाट. दुसरी तिच्यामागून. विहिरीचा दोर आडवा हिसकला की त्यातून नागमोडी वळण धावते, तशी. आणि तिसरी पृष्ठभागावरून रेंगाळत येणारी. पहिल्या दोन लाटा पृथ्वीच्या पोटातून येतात. आणि दुसरीचा एक गुणधर्म असा की ती द्रवातून जाऊच शकत नाही. पाण्याला आडवा हिसका देता येत नाही.

१९०३ मध्ये निवृत्त होऊन ओल्डहॅम इंग्लंडला परतला आणि १९०६ साली त्याने एक निबंध वाचला. चौदा मोठ्या भूकंपांच्या नोंदींवरून त्याने दाखवले की फार लांबवर, म्हणजे पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला पोचणाऱ्या लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा येतात. वाटेत काहीतरी वेगळे आहे. वैद्य पोटावर बोटे ठेवून वाजवतो आणि आवाजावरून आत काय ते ओळखतो, तसे त्याने सांगितले : पृथ्वीला गाभा आहे. त्याच्या मापात आणि तपशिलात चुका होत्या. गाभ्याची त्रिज्या त्याने पृथ्वीच्या त्रिज्येच्या चार दशांश धरली, ती प्रत्यक्षात साडेपाच दशांशांच्या आसपास आहे. पण गाभा आहे, हे टिकले. ज्या ज्ञानाची सुरुवात खासी टेकड्यांतल्या ढिगाऱ्यांवर झाली होती, ते लंडनच्या सभागृहात निबंध होऊन पोचले.

नंतरची पावले भराभर पडली. १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथल्या आंद्रिया मोहोरोविचिच या हवामानतज्ज्ञाने नोंदी तपासून दाखवले की जमिनीखाली काही दशक किलोमीटरवर लाटांचा वेग एकदम वाढतो. ती कवचाची खालची सीमा. खंडांखाली हे कवच साधारण तीस ते चाळीस किलोमीटर जाड, समुद्रतळाखाली सहासात किलोमीटर. वीखर्टचा शिष्य बेनो गुटेनबर्ग याने १९१३ च्या सुमारास गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली. आज तो आकडा २,८९१ मानतात, म्हणजे शंभर वर्षांत नऊ किलोमीटरांचाच फरक! १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज याने सिद्ध केले की गाभा द्रव आहे.

आणि मग इंगे लेमान. डेन्मार्कची ही विदुषी म्हणजे स्टेनोच्या मायभूमीची लेक. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला. तो देश युरोपच्या जवळजवळ बरोबर पलीकडच्या बाजूला, त्यामुळे त्याच्या लाटा गाभ्याच्या आरपार येणार होत्या. ज्या पट्ट्यात लाट पोचायलाच नको तिथेही क्षीण नोंदी आढळत होत्या आणि बाकीचे विद्वान त्यांची काहीबाही वासलात लावीत होते. लेमान यांनी प्रत्येक नोंदीचे पुठ्ठ्याचे कार्ड केले. त्यांचे एक नातलग सांगत की रविवारी बागेत टेबल मांडून त्या बसत आणि कार्डे ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांत लावलेली असत. संगणकाचा काळ यायचा होता. १९३६ मध्ये त्यांनी मांडले की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे हे पुढे पक्के झाले. त्याच वर्षी, १९३६ च्या जुलैमध्ये, ओल्डहॅम वारला. लेमान मात्र १०४ वर्षे जगल्या आणि १९९३ च्या फेब्रुवारीत गेल्या. किल्लारी त्यांना पाहावी लागली नाही.

या कामात येशूसंघाचा वाटा इतका की भूकंपशास्त्राला काही काळ गंमतीने 'येशूसंघाचे शास्त्र' म्हणत. जगभर महाविद्यालये आणि त्यांच्या तळघरांत यंत्रे. १९०९ मध्ये अमेरिकेत त्यांनी भूकंपनोंदींची साखळीच उभारली. किर्खर यांच्या वारसांनी विवरात उतरणे सोडून तळघरात बसून ऐकण्याचा मार्ग धरला, असे म्हणता येईल.

थर कळले. पण ते कशाचे? त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ हवे होते. अमेरिकेतील फ्रँक क्लार्क याने दगडांच्या पृथक्करणांचे आकडे गोळा करण्याचा जन्मभर ध्यास घेतला. १९२४ मध्ये त्याने सहकाऱ्यासह ५,१५९ पृथक्करणांची सरासरी प्रसिद्ध केली. कवचात वजनाने ४६ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन निघाला आणि २८ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. आपण श्वासात घेतो तोच वायू दगडात जखडलेला! त्यामागोमाग ॲल्युमिनियम आठ आणि लोखंड पाच टक्के. पण कवच हे सगळ्या पृथ्वीच्या वजनाचा अर्धा टक्कासुद्धा नाही; ते नारळाचे सोडण म्हणण्याइतकेही जाड नाही. कवचाखालचे प्रावरण सुमारे दोन तृतीयांश वजनाचे आणि गाभा एक तृतीयांश. सगळे मिळून पाहिले तर पृथ्वीत लोखंड जवळजवळ ३२ टक्के, ऑक्सिजन ३०, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम प्रत्येकी पंधराच्या आसपास. उरलेली सारी मूलद्रव्ये एका ओंजळीत.

कोणते मूलद्रव्य कुठे गेले, याचा नियम व्हिक्टर गोल्डश्मिट याने १९२० च्या दशकात शोधला. धातूच्या भट्टीत पाहा : लोखंड खाली बसते, मळी वर तरंगते. पृथ्वी तिच्या बाळपणी, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, अशीच वितळली होती. ज्यांची लोखंडाशी मैत्री ती मूलद्रव्ये त्याच्यासोबत बुडाली, ज्यांचे ऑक्सिजनशी जुळले ती वर राहिली. सोने आणि प्लॅटिनम लोखंडाच्या बाजूचे. पृथ्वीवरचे बहुतेक सारे सोने गाभ्यात आहे आणि लग्नसराईत आपण ज्यासाठी जीव टाकतो ते मागे राहिलेले कण आहेत. हा गोल्डश्मिट ज्यू होता. १९४२ च्या नोव्हेंबरात नाझींनी त्याला ओस्लोच्या धक्क्यापर्यंत नेले होते. ते जहाज ज्या माणसांना घेऊन गेले ती आउशविट्झला पोचली. त्याला ऐनवेळी बाजूला काढण्यात आले आणि तो स्वीडनला निसटला. युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, तो वारला.

या शास्त्रात नम्रतेचीही परंपरा आहे. फ्रान्सिस बर्च या हार्वर्डच्या अभ्यासकाने १९५२ मध्ये दाखवले की बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका आहे, तेव्हा त्यात आणखी काही हलके मिसळलेले असले पाहिजे. ते गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन की आणखी काही, हा वाद आजही मिटलेला नाही. त्याच निबंधात बर्चने वाचकांना मिश्किलपणे सावध केले की पृथ्वीच्या अंतरंगाविषयी कुणी 'निश्चित' असे लिहिले तर तिथे 'संशयास्पद' असे वाचावे. आमच्या काही प्रवचनकारांनीही ही टीप जवळ ठेवावी.

प्रावरणाविषयी मात्र एक गोष्ट निःसंशय आहे. तो तप्त रस नाही. भूकंपाची दुसरी लाट त्यातून खुशाल पार होते, आणि ती द्रवातून जात नाही. म्हणजे २,९०० किलोमीटरपर्यंत सारा घट्ट दगड आहे. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड आणि ऑक्सिजन यांचा, हजारो अंश तापलेला, पण वरच्या भाराने वितळू न शकलेला. तो वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने सरकतो. त्याच्या खालच्या भागातले मुख्य खनिज म्हणजे पृथ्वीवरचे सर्वांत विपुल खनिज, पण ते वर टिकत नाही. त्याचा नैसर्गिक नमुना शेवटी ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये पडलेल्या एका अशनीत सापडला आणि २०१४ मध्ये त्याला ब्रिजमनाइट हे नाव मिळाले. वितळलेला दगड असतो तो फक्त काही ठिकाणी आणि काही काळ. खराखुरा द्रव आहे तो बाह्य गाभा, लोखंडाचा. त्याच्या घुसळणीतून होकायंत्राची सुई फिरवणारे चुंबकत्व निर्माण होते.

माणूस स्वतः किती खोल गेला? रशियाच्या कोला द्वीपकल्पात १९७० पासून एक विवर खणत होते. १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरांवर पोचले आणि तिथे १८० अंश उष्णतेपुढे हात टेकले. ६,३७१ किलोमीटरांपैकी बारा!

आता आपल्या दगडाकडे येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या. प्रावरणाचा काही अंश वितळून वर आला आणि थरांवर थर पसरत गेला. आज उरलेला त्याचा विस्तार पाच लाख चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. अजिंठा-वेरूळची लेणी, रायगडाचे कडे, आपल्या पाट्या-वरवंटे, सगळे त्याच काळ्या पाषाणातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. धरणाच्या पाण्याशी त्याचा संबंध असल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले. त्या कोयनेच्या मुलखात, गोठणे येथे, २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण आणि खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक. किल्लारीलाही भूकंपानंतर विवर घेतले होते. तिथे काळ्या पाषाणाची जाडी ३४० मीटरांच्या आसपासच भरली, खाली तोच पुरातन खडक. त्या पहाटे जे तुटले ते याच जुन्या खडकात, काही किलोमीटर खोलीवर. भारताची भूमी उत्तरेकडे आशियाला वर्षाला काही सेंटीमीटर रेटत असते. तो ताण शतकानुशतके साठत जातो आणि एखाद्या जुन्या भेगेशी सुटतो. तिथे लाव्हा नव्हता. खदखदणारे काहीच नव्हते.

तुटल्याची ती लाट दगडांतून वर आली आणि काही सेकंदांत माळवदे खाली बसली. तीच लाट खालीही गेली. प्रावरण, द्रव गाभा, लेमान यांचा घन गाभा, पुन्हा द्रव, पुन्हा प्रावरण, असा प्रवास करून पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला पोचायला लाटेला वीस मिनिटे लागतात. म्हणजे शेजारचे गाव मदतीला धावण्यापूर्वीच जगभरच्या यंत्रांवर किल्लारीची रेषा उमटू लागली होती. ओल्डहॅमने शिलाँगची रेषा वाचली, तशीच तीही वाचली गेली. त्या बाईची सून आणि दोन नातवंडे ज्या क्षणी गेली, त्या क्षणाची नोंद तळघरांतल्या कागदांवर आहे.

२०१८ मध्ये, पंचवीस वर्षांनी, मी त्या भागात पुन्हा गेलो. गावे नव्या जागी वसली आहेत, घरे हलकी आणि ठेंगणी. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या आहेत आणि मध्ये दगडांच्या राशी. मला तिची चौकशी करायची होती, पण कुणाची करणार? मी तिला घोंगडी दिली, चुकीचे उत्तर दिले, नाव मात्र विचारले नव्हते. एका राशीजवळ थोडा वेळ उभा राहिलो. भुईच्या पोटातून जो तप्त रस आला होता, तो हाच. तो थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली. खाली वाकून मी हात लावून पाहिला. ती म्हणाली होती तसाच तो गार होता.